टीव्हीला जोडायचा स्वस्तातला पीसी: प्रोसेसर किती दमदार आहे ते नंतर, डिकोडर काय वाचतो ते आधी

तुमची यादी वाचली. सहा कोरचा प्रोसेसर, तोही नावाच्या शेवटी एफ असलेला, त्याच्या जोडीला एंट्री लेव्हल ग्राफिक्स कार्ड, १६ जीबी रॅम, ६५० वॅटचा एसएमपीएस (वीज पुरवणारा डबा), १ टीबीची एनव्हीएमई (वेगवान एसएसडी) आणि काचेची बाजू असलेलं लायटिंगवालं कॅबिनेट. आणि काम काय, तर हॉलमधल्या ४के एचडीआर टीव्हीवर डिस्कवरचे सिनेमे बघायचे, युट्युब बघायचं, आवाज टीव्हीला लावलेल्या साउंडबारमधून यायला हवा. गेम नाही, एडिटिंग नाही. आणि बजेट कमी आहे, तर कुठे काटायचं असं विचारलंय.

मी बारा-तेरा वर्षं असली मशीन जुळवतोय, स्वतःसाठी आणि ओळखीतल्यांसाठी, आणि मला मनापासून वाटतं की या यादीत काटाकाट करून उपयोग नाही, यादी उलट्या टोकाने परत लिहायला हवी. तुम्ही प्रोसेसरपासून सुरुवात केलीत आणि टीव्हीपर्यंत आलात. सिनेमा बघायच्या मशीनला टीव्ही आणि फायलींपासून सुरुवात करायची असते आणि प्रोसेसर सगळ्यात शेवटी आपोआप ठरतो.

कारण असं बघा, सिनेमा चालवणं हे प्रोसेसरच्या कोरचं काम नाहीच मुळी. ग्राफिक्सच्या चिपमध्ये व्हिडिओ उलगडणारा एक छोटासा वेगळा भाग, म्हणजे डिकोडर असतो, तो फाइलचा फॉरमॅट ओळखत असेल तर ४के सिनेमा चालताना प्रोसेसर पाच-दहा टक्क्यांवर निवांत बसलेला असतो, आणि ओळखत नसेल तर तुमचे सहाच्या सहा कोर कामाला लागतात, पंखे ओरडायला लागतात आणि तरी मधेच फ्रेम गळतात. म्हणजे दुकानात ज्या आकड्यांवरून भाव ठरतो, गिगाहर्ट्झ, कोर, कॅश, त्यातलं जवळपास काहीच इथे कामाचं नाही. कामाचा प्रश्न एकच, या चिपला एचईव्हीसी १० बिट, व्हीपी९ आणि एव्ही१ हे व्हिडिओचे तीन फॉरमॅट हार्डवेअरमध्ये, म्हणजे त्या डिकोडरमध्येच, येतात का.

डिस्कवरचे ४के एचडीआर सिनेमे बहुतेक सगळे एचईव्हीसी १० बिट असतात. युट्युब ४के ला व्हीपी९ किंवा एव्ही१ देतं, आणि एव्ही१ चं प्रमाण वाढतंच चाललंय. आता चिपांकडे बघू. इंटेलमध्ये एचईव्हीसी १० बिट नीट हार्डवेअरमध्ये सातव्या पिढीपासून आलं, सहाव्या पिढीत ८ बिट होतं पण १० बिट अर्धवट, म्हणजे थोडं हार्डवेअर थोडं सॉफ्टवेअर. त्यामुळे सेकंडहँड घेताना सहावी आणि सातवी दिसायला जवळजवळ सारखी असली तरी सिनेमासाठी त्यांच्यात मोठी दरी आहे. एव्ही१ डेस्कटॉपवर अकराव्या पिढीच्या नव्या ग्राफिक्सपासून मिळतं, पण अकराव्या पिढीच्या सोबत बाजारात आलेले डेस्कटॉप आय३ दहावीच आहेत, तिथे फसू नका. बाराव्या पिढीपासून पुढे ग्राफिक्स असलेला कुठलाही घ्या, तिन्ही फॉरमॅट येतात.

एएमडीमध्ये लोकांची जास्त गल्लत होते. ३२००जी, ५६००जी वगैरे वेगा ग्राफिक्सवाले प्रोसेसर एचईव्हीसी आणि व्हीपी९ छान चालवतात पण एव्ही१ त्यांना येत नाही, ५६००जी २०२१ चा असूनसुद्धा. एएम५ सॉकेटवरच्या रायझन ७००० मध्ये छोटंसं ग्राफिक्स आहे त्याला मात्र एव्ही१ येतं (तिथेही एफवाला सोडून), पण ते बोर्ड आणि डीडीआर५ रॅम धरून तुमच्या बजेटच्या बाहेर जाईल. आणि वेगळं कार्ड घ्यायचंच असेल तर आरएक्स ६४०० आणि ६५०० एक्सटी या दोघांपासून सावध रहा, त्यांच्याच घरातल्या ६६०० ला एव्ही१ वाचता येतं आणि या दोघांना नाही. जीटीएक्स १६५० ला पण नाही. म्हणजे तुमच्या यादीत ग्राफिक्स कार्डावर जाणारा पैसा तुम्हाला एक जास्तीचा पंखा, जास्तीची उष्णता आणि एव्ही१ नसलेला डिकोडर देतोय, आणि कार्ड घ्यावं लागतंय ते फक्त एफवाला प्रोसेसर निवडला म्हणून. एफ म्हणजे आतलं ग्राफिक्स बंद. थोडे पैसे वाचवायला एफ घेतला आणि त्याच्यापायी त्याहून महाग कार्ड गळ्यात आलं, हे मी इतक्या वेळा बघितलंय की आता कुणाच्याही यादीत पहिली नजर त्या एका अक्षरावरच जाते.

मग घ्यायचं काय. माझ्या मते तीन रस्ते आहेत.

पहिला, एन१०० चिप असलेला छोटा पीसी किंवा मदरबोर्ड. २०२३ च्या सुरुवातीला आलेली चार कोरची चिप आहे, कागदावर ६ वॅटची, प्रत्यक्षात जोर लावल्यावर त्याहून बरंच जास्त खाते पण तरी कमीच. तिन्ही फॉरमॅट हार्डवेअरमध्ये. रॅमचं एकच चॅनल आहे, सिनेमाला त्याने काही अडत नाही. ब्राउझरमध्ये दहा-बारा टॅब उघडून काम करणाऱ्याला ती हळू वाटेल पण टीव्हीखाली ठेवायला मला सध्या यापेक्षा समाधानकारक स्वस्त गोष्ट दिसत नाही. फक्त रेडीमेड डबा घेणार असाल तर पंखा कसा आहे ते विचारा, त्या डब्यांमध्ये कधीकधी बोटभर पंखा असतो आणि त्याचा किणकिणाट शांत प्रसंगात स्पष्ट ऐकू येतो. जुन्या स्टॉकमधला एन५१०५ कुणी गळ्यात मारत असेल तर त्याला एव्ही१ येत नाही हे ध्यानात ठेवा.

दुसरा, सेकंडहँड ऑफिस पीसी. कंपन्या दर काही वर्षांनी ऑप्टिप्लेक्स, एलिटडेस्क, थिंकसेंटर असली मशीन एकगठ्ठा काढून टाकतात, त्यातले एक लिटरच्या आकाराचे चपटे डबे आपल्या कामाला फार छान. आठव्या पिढीचा आय३ किंवा आय५, नावाच्या शेवटी टी असेल तर अजून बरं, तो ३५ वॅटचा असतो. एचईव्हीसी आणि व्हीपी९ मस्त, एव्ही१ नाही. एव्ही१ सॉफ्टवेअरने वाचायला डेव्हिड नावाचा डिकोडर आहे तो खरंच कमालीचा वेगवान आहे, १०८०पी सहज जातं, ४के ला मात्र मशीन तापतं. युट्युबसाठी ब्राउझरमध्ये एक्स्टेंशन टाकून एव्ही१ बंद केलं की ते व्हीपी९ देतं, प्रश्न मिटला. बजेट खरंच तंग असेल तर मी डोळे झाकून हा रस्ता सांगेन, पण पोर्टचा एक घोळ आहे तो खाली लिहितो.

तिसरा, स्वतः जुळवायचंच असेल तर आय३ १२१०० (एफ नको) आणि साधा मायक्रो एटीएक्स बोर्ड. मिनी आयटीएक्सचा, म्हणजे १७० बाय १७० मिलिमीटरचा बोर्ड दिसायला गोंडस पण तेवढ्याच सोयींना जास्त पैसे मागतो, आणि त्याला लागणारं छोटं कॅबिनेट, छोटा एसएमपीएस, बुटका कूलर हे सगळंच महाग. टीव्हीच्या युनिटमध्ये जागा असेल तर मायक्रो एटीएक्स घ्या आणि उरलेले पैसे दुसरीकडे लावा.

काहीजण रास्पबेरी पाय सुचवतील. पाय ४ आणि पाय ५ दोघांनाही ४के एचईव्हीसी हार्डवेअरमध्ये येतं, फक्त डिस्कवरच्या फायली बघणाऱ्याला खरंच चांगला पर्याय आहे तो. पण ४के व्हीपी९ आणि एव्ही१ येत नाही, म्हणून युट्युब ४के हवं असणाऱ्या तुम्हाला मी तो सांगणार नाही.

आता पोर्ट. इथे लोक सगळ्यात जास्त वेळा अडकतात आणि दोष मात्र केबलला देतात. एचडीएमआय १.४ वरून ४के फक्त ३० हर्ट्झला, म्हणजे सेकंदाला ३० चित्रं, जातं. ६० हर्ट्झला २.० लागतं. इंटेलच्या डेस्कटॉप चिपांमध्ये दहाव्या पिढीपर्यंत थेट एचडीएमआय १.४ च होतं, ज्या बोर्डांवर २.० दिसतं तिथे बोर्ड बनवणाऱ्याने मधे एक वेगळी चिप घातलेली असते. आणि आजही स्वस्त बोर्डांमध्ये पैसे वाचवायला १.४ चा पोर्ट दिलेला सापडतो, नवीन प्रोसेसर, नवीन चिपसेट आणि पोर्ट मात्र जुना. बोर्डाच्या स्पेसिफिकेशनच्या पानावर एचडीएमआयच्या ओळीत '४०९६ बाय २१६० ॲट ३० हर्ट्झ' असं दिसलं की तो बोर्ड तिथेच सोडा. बॉक्सवर मोठ्या अक्षरात ४के लिहिलेलं असतं त्याच्यावर जाऊ नका, ३० हर्ट्झ पण ४केच असतं. ऑफिसच्या मशीनमध्ये बहुतेक वेळा डिस्प्लेपोर्ट १.२ असतो, त्याच्यातून ४के ६० हर्ट्झ व्यवस्थित निघतं, पण टीव्हीला जोडायला ॲक्टिव्ह ॲडॉप्टर लागतो ज्याच्यावर एचडीएमआय २.० स्पष्ट लिहिलेलं आहे. साधा पॅसिव्ह ॲडॉप्टर लावला की पुन्हा ३० हर्ट्झवर आलात. एचडीआर हवं असेल तर ॲडॉप्टरवर २.०ए किंवा २.०बी आणि एचडीआर असं लिहिलेलं बघा, कारण २.० मध्ये एचडीआर नव्हतं, ते २०१५ च्या २.०ए पासून आलं.

२.१ लागेल का, असा प्रश्न मनात येईल. नाही लागणार. सिनेमा २४ फ्रेमचा असतो आणि २४ हर्ट्झला ४के १० बिट २.० च्या १८ गिगाबिटमध्ये आरामात बसतं. २.१ चे पैसे १२० हर्ट्झवर गेम खेळणाऱ्यांनी द्यावेत.

२४ फ्रेम म्हटलं तर हे थोडं सविस्तर सांगतो कारण माझा जीव यात अडकलाय. सिनेमाच्या फायली बहुतेक २३.९७६ फ्रेमच्या असतात, म्हणजे २४००० भागिले १००१. टीव्ही ६० हर्ट्झवर ठेवून त्या बघितल्या तर एक फ्रेम तीनदा, पुढची दोनदा अशी दाखवावी लागते, आणि कॅमेरा संथपणे आडवा सरकत असेल तेव्हा चित्र बारीक बारीक हिसके देतं. कोडी या सिनेमे चालवायच्या फुकट सॉफ्टवेअरमध्ये डिस्प्लेचा रिफ्रेश रेट (हर्ट्झचा आकडा) फाइलप्रमाणे बदलायची सेटिंग आहे, ती चालू केली की टीव्ही स्वतः २३.९७६ वर जातो आणि फरक इतका जाणवतो की ज्यांना हे माहीतच नव्हतं ते विचारतात टीव्ही बदललास का. माझं पहिलं मशीन मात्र हे चालू करूनही दर चाळीस सेकंदांनी एकदा अडखळायचं. मी हार्डडिस्क बदलली, रॅम बदलली, केबल बदलल्या, दोन आठवडे गेले. शेवटी कळलं की त्यातलं ग्राफिक्स २३.९७६ च्या जागी बरोबर २४.००० देत होतं. फरक शून्य पूर्णांक शून्य दोन चारचा, पण त्याचा हिशोब केला तर साधारण ४२ सेकंदांनी एक फ्रेम पुन्हा दाखवायची वेळ येते. आजच्या चिपा हे नीट करतात, पण खूप जुनं फुकट मिळालेलं मशीन वापरायचा विचार करत असाल तर हे आधी तपासा.

आवाजाचं. वेगळं साउंड कार्ड अजिबात नको, एचडीएमआयमधूनच सगळं जातं. पण तुमचा साउंडबार टीव्हीला लावलाय, म्हणजे आवाज पीसीतून टीव्हीत आणि टीव्हीतून एआरसीने (टीव्हीच्या एचडीएमआयमधून आवाज उलटा बाहेर पाठवायची सोय) साउंडबारमध्ये असा फिरून जाणार. साध्या एआरसीतून डॉल्बी डिजिटल आणि डॉल्बी डिजिटल प्लस जातं, डॉल्बीचंच वरच्या दर्जाचं ट्रूएचडी जात नाही, त्याला ईएआरसी, म्हणजे एआरसीची नवी आवृत्ती लागते. डीटीएस या दुसऱ्या फॉरमॅटचा आवाज काही टीव्ही पुढे पाठवतच नाहीत, चित्र दिसतं आणि बार मुका. असं झालं तर घाबरून काही विकत घेऊ नका, कोडीमध्ये आवाज डॉल्बी डिजिटलमध्ये ट्रान्सकोड करायचा, म्हणजे बदलून पाठवायचा पर्याय आहे, तो चालू करा, ५.१ येईल. साउंडबारला स्वतःचा एचडीएमआय इनपुट असेल तर पीसी थेट त्याला लावून बघायला हरकत नाही, पण तो इनपुट ४के एचडीआर पुढे टीव्हीकडे पाठवतो का ते आधी बघा.

आता वाचलेले पैसे कुठे लावायचे तर शांततेवर. हे मी पुन्हा पुन्हा सांगतो कारण यादी लिहिताना हे कुणालाच सुचत नाही आणि मशीन घरात आल्यावर आठ दिवसांत पश्चात्ताप होतो. रात्री सगळे झोपल्यावर आवाज कमी करून बघत असताना टीव्हीखालून येणारी घरघर असह्य होते. ६५० वॅटचा एसएमपीएस काढून टाका. १२१०० चं मशीन सिनेमा चालताना साधारण २५ ते ३५ वॅट खातं, म्हणजे ६५० च्या पाच टक्क्यांच्या आसपास, आणि एसएमपीएसच्या कार्यक्षमतेची ८० प्लस प्रमाणपत्रं २० टक्के भारापासून पुढे मोजलेली असतात (फक्त टायटेनियममध्ये १० टक्के पण मोजतात), त्याच्या खाली कार्यक्षमता घसरत जाते. ३००-४०० वॅटचा चांगल्या कंपनीचा घ्या, मोठा १२० मिलिमीटरचा पंखा असलेला. फ्लेक्स एटीएक्स नावाचे लांबट बारीक एसएमपीएस छोट्या कॅबिनेटात येतात, त्यांचा पंखा ४० मिलिमीटरचा असतो, हॉलमध्ये नको.

प्रोसेसरसोबत येणारा कूलर १२१०० ला पुरतो, फक्त बायोसमध्ये (मशीनच्या मूळ सेटिंगमध्ये) जाऊन पंख्याचा कर्व्ह, म्हणजे तापमानाप्रमाणे वाढणारा वेग, खाली ओढा, ६० अंशांपर्यंत पंखा हळू ठेवला तरी काही बिघडत नाही. कॅबिनेट जाळीचं घ्या, काचेचं नको. लाइट तर नकोच, अंधारात सिनेमा बघताना टीव्हीच्या खाली रंग बदलणारा उजेड डोळ्याला सतत खुपतो. आणि कॅबिनेट टीव्ही युनिटच्या बंद कप्प्यात कोंबू नका, मागून हवा जायला हवी.

हार्डडिस्क ही दुसरी आवाज करणारी वस्तू. ऑपरेटिंग सिस्टमला १२० किंवा २५० जीबीची साधी साटा एसएसडी भरपूर झाली, १ टीबी एनव्हीएमईच्या वेगाचा इथे काहीच उपयोग नाही. सिनेमांना हार्डडिस्कच. वेगाची काळजी करू नका, जड ४के फाइल ८० मेगाबिटची धरली तरी सेकंदाला १० मेगाबाइट झाले, संथातली संथ डिस्क त्याच्या कितीतरी पट देते. काळजी जागेची करा, ८० मेगाबिटचा दोन तासांचा सिनेमा म्हणजे ७२ जीबी. डिस्क रबरी वॉशरवर बसवा, स्क्रू थेट पत्र्यात आवळले तर अख्खं कॅबिनेट गुणगुणतं. शक्य असेल तर डिस्क दुसऱ्या खोलीतल्या जुन्या पीसीत ठेवा आणि नेटवर्कवरून बघा, पण मग केबल गिगाबिट हवी. १०० मेगाबिटच्या पोर्टमधून प्रत्यक्षात नव्वद-पंच्याण्णव मिळतात आणि जड फायलींचे मधले उंच टप्पे तिथे अडकतात. वायफायवर युट्युब ठीक, ४के सिनेमा केबलवरच.

रॅम ८ जीबी पुरे. एएमडीचं ग्राफिक्स घेतलंत तर मात्र ४ च्या दोन पट्ट्या घ्या, एक ८ ची नको, त्यांना दोन चॅनलची गरज जास्त असते.

रिमोटसाठी पैसे बाजूला ठेवा, हे विसरू नका. पीसीचं एचडीएमआय साधारणपणे सीईसी बोलत नाही, म्हणजे टीव्हीचा रिमोट पीसीला चालवणार नाही. एकतर यूएसबीचा सीईसी ॲडॉप्टर, नाहीतर फ्लर्कसारखा इन्फ्रारेड रिसीव्हर ज्याला घरातला कुठलाही रिमोट शिकवता येतो, नाहीतर २.४ गिगाहर्ट्झचा एअर माउस. हा शेवटचा घेतलात तर त्याचा डोंगल यूएसबी ३ च्या पोर्टला चिकटवून लावू नका, यूएसबी ३ चा गोंगाट नेमका त्याच पट्ट्यात पडतो आणि रिमोट दोन मीटरवरून चालत नाही, छोटी एक्स्टेंशन केबल लावून डोंगल पुढे आणा. रिमोटने मशीन चालू व्हायला हवं असेल तर बायोसमध्ये ईआरपी (वीज वाचवायची सेटिंग) बंद ठेवा, नाहीतर बंद असताना यूएसबीला वीजच मिळत नाही. घरातल्या वयस्कर माणसांनी कीबोर्डला हात न लावता सिनेमा लावता आला तरच ते मशीन घराचं झालं असं मी मानतो.

सॉफ्टवेअरबद्दल थोडक्यात. फक्त फायली असतील तर लिबरएलेक ही छोटी ऑपरेटिंग सिस्टम, पेनड्राइव्हवरून टाकता येतं आणि चालू झाल्यावर थेट कोडीच समोर. ब्राउझर पण हवा असेल तर विंडोज आणि त्यावर कोडी. नेटफ्लिक्ससारखे ओटीटी मात्र टीव्हीतल्याच ॲपवर बघा, पीसीवर त्यांचं ४के विंडोजमध्ये ठराविक ब्राउझर किंवा त्यांचं ॲप, एचडीसीपी २.२ (कॉपी रोखणारं संरक्षण) अशा सगळ्या अटी जुळल्या तरच येतं, लिनक्सच्या ब्राउझरमध्ये येतच नाही. त्यासाठी पीसीवर पैसे वाढवू नका. ४के ब्लू-रे ड्राइव्ह घ्यायचा विचार असेल तर तोही सोडा, अधिकृत प्लेयरला इंटेलचं एसजीएक्स (प्रोसेसरमधली सुरक्षेची सोय) लागतं आणि ते डेस्कटॉपमध्ये अकराव्या पिढीपासून काढून टाकलंय, म्हणजे नवीन प्रोसेसर घेऊनही डिस्क चालणार नाही.

मशीन हातात आलं की परत करायची मुदत संपायच्या आत हे करा. ४के एचईव्हीसी १० बिटची एक जड फाइल लावा, विंडोज असेल तर टास्क मॅनेजरमध्ये जीपीयूखाली व्हिडिओ डिकोडचा आलेख हलतोय आणि प्रोसेसर शांत आहे का बघा. कोडीत फाइल चालू असताना प्लेयरची डीबग माहिती उघडली की गळलेल्या फ्रेमचा आकडा दिसतो, पंधरा मिनिटं तो शून्याच्या आसपास राहायला हवा. टीव्हीच्या माहितीच्या पट्टीवर २१६०पी, २४ हर्ट्झ आणि एचडीआर लिहून आलं पाहिजे. नाही आलं तर टीव्हीच्या मेनूत त्या एचडीएमआय पोर्टपुरती एन्हान्स्ड किंवा डीप कलर नावाची सेटिंग शोधा, बऱ्याच टीव्हींवर ती बंद असते आणि लोक त्यापायी चांगला बोर्ड परत करून येतात. मग टीव्हीचा आवाज पूर्ण बंद करून सोफ्यावर बसा आणि पाच मिनिटं नुसतं मशीन ऐका.